परेडआधी पोरांना सांगावं का, की मुखवट्यात माणूस असतो?

गुहागरची_सूनबाई:
दिवाळीच्या सुट्टीत हाँगकाँगच्या डिस्नेलँडला चाललोय, लेक साडेतीन वर्षांची. शिमग्यात खेळ्यांच्या सोंगांबरोबर दारात संकासुर आला, काळा झगा, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, तर ही जी आजीच्या पदरात शिरली ती खेळे पुढच्या वाडीत गेले तरी बाहेर येईना. आणि तिकडे तर माठाएवढ्या डोक्याचा उंदीर हात हलवत समोर येणार! म्हणून आत्तापासून तयारी चालूय, रोज परेडचा व्हिडिओ पाच मिनिटं, आधी आवाज बंद, मग हळूहळू वाढवत. आणि सरळ सांगून टाकलं की आत माणूस असतो, त्याला पण उकडतं. नवरा म्हणतो सगळी मजा घालवलीस. घालवली का खरंच?

दाभोळकर७७:
घालवलीत. तिथले लोक पोरांसमोर कधी डोकं काढत नाहीत, मुखवटेवाली पात्रं परेडमध्ये गप्पा पण मारत नाहीत, नुसते हातवारे. एवढं जपतात ते आणि तुम्ही घरी बसून सांगून मोकळ्या. साडेतीन वर्षांच्या पोरीला उंदीर उंदीरच राहू दे की. घाबरली तर कडेवर घ्यायची, त्यात काय.

चिपळूणचा_बाप:
कडेवर म्हणे. आमचा चार वर्षांचा होता तेव्हा एका पार्कात हौसेने तासभर आधी जाऊन पहिल्या रांगेत बसवला, नेमका स्पीकरखाली, आणि परेड सुरू झाल्यावर जो किंचाळायला लागला तो थांबेचना. नंतर कळलं त्याला परेडमधल्या वाघाची भीती नव्हतीच, आवाजाची होती. तेव्हा आवाज वाढवत नेताय ते बरोबर. मागे उभं राहा, कानावर हेडफोन लावा, पाणी-खाऊ जवळ ठेवा, आणि निघावंसं वाटलं तर निघता येईल अशी जागा धरा.

मालवणी_भाचो:
दाभोळकरांनू, माझे मामा दशावतारी नाटकात स्त्रीपार्ट करायचे. जत्रेला आम्ही पोरं देवळामागे त्यांच्या शेजारी बसून सगळं बघायचो, दाढी घोटणं, तोंडाला रंग, अंबाडा, मध्येच बिडी. आणि तेच मामा रात्री दीड-दोनला राणी होऊन रडायला लागले की मी पण रडायचो. मामा हा म्हणून म्हायत होता, तरी. आणि आमच्या दशावतारातला संकासुर पण काळाच, पण तो मालवणीतून विष्णूची फिरकी घेतो, आमची पोरं त्याला हसतात.

दाभोळकर७७:
तुम्ही तेव्हा किती वर्षांचे? आठ-नऊ तरी असणार. साडेतीनला खरं-खोटं असं वेगळं नसतंच हो. शिवाय नाटकात रात्रभर वेळ मिळतो पात्राशी ओळख व्हायला, परेडमध्ये उंदीर आला, हात हलवला, गेला.

मालवणी_भाचो:
म्हणून तर ओळख आधी करून द्यायची! (वय सहा होतं.)

दापोलीची_मावशी:
मला तर वाटतं घोळ वेगळाच आहे. वर्षभर आपण काय म्हणतो, 'जेव पटकन, नायतर संकासुराला देईन.' मग तो खरंच दारात आल्यावर पोर हसेल कसं? व्हिडिओ दाखवा नाहीतर नका दाखवू, आधी ते वाक्य बंद करा.

गुहागरची_सूनबाई:
मावशी, पकडलंत. आमच्याकडे दोन्ही वेळच्या जेवणाला संकासुर येतो, सासूबाईंना आजच सांगते (म्हणजे नवऱ्याला सांगायला लावते). दाभोळकर, तुमचं थोडं पटलं, माणूस असतो हे आता परत परत नाही सांगणार. पण सांगून झालंय ते झालंय, आणि काल व्हिडिओ बघताना लेकीने विचारलं, आतल्या काकांना शू लागली तर? याचं उत्तर असेल कुणाकडे तर द्या, कालपासून तेवढंच चाललंय.