वेर्विएमध्ये घर घ्यायचंय, काय पाहू?

अनघा:
नमस्कार मंडळी,
बेल्जियममधल्या लिएजजवळच्या वेर्विएमध्ये भाड्याने घर घ्यायचं चाललंय. ब्रसेल्सच्या मानाने भाडी बरीच कमी दिसतात. गाव कसं आहे? घर बघताना काय विचारावं? शनिवारी मुलांना दाखवण्यासारखं काही आहे का?

मेधा:
अनघा,
वेर्विए पाण्यामुळे श्रीमंत झालं आणि जुलै २०२१ मध्ये पाण्यानेच त्याचं कंबरडं मोडलं. त्यामुळे घर बघतानाही आधी पाण्याचं बघ.

वेस्द्र नदी ओत फान्यच्या पठारावरून येते. तिथे पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची) दलदल आहे, चुनखडी जवळजवळ नाही. म्हणून पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी. लोकरीच्या धंद्याला हे वरदानच. कच्च्या लोकरीत मेंढीची चरबी, घाम, माती इतकी असते की धुतल्यावर वजन निम्म्यावर येऊ शकतं. जड, म्हणजे चुना जास्त असलेल्या पाण्यात साबण आणि चुना मिळून चिकट साका तंतूंवर बसतो आणि मग रंग डागाडागांनी चढतो. मऊ पाण्यात ही कटकट नाही. धुताना लोकर घुसळायची मात्र नाही, नाहीतर तंतू गुंतून तिचा नमदा होतो. इथे तयार झालेल्या 'लेव्हियाथान' यंत्रात दाते लोकर हळूहळू एका हौदातून दुसऱ्यात ढकलत आणि मधले रूळ ती पिळून काढत. अर्जेंटिनाची लोकर काटेकुसळांनी भरलेली यायची. ती सौम्य गंधकाम्लात भिजवून तापवत. कुसळं वनस्पतीची, ती जळून भुगा होत आणि झटकली जात. लोकर प्रथिनाची, ती टिके.

विल्यम कॉकरिल हा इंग्रज यंत्रकारागीर १७९९ मध्ये इथे आला आणि सिमोनिस व बिओले या कापड-गिरणीवाल्या घराण्यांसाठी त्याने कताईची यंत्रं बांधली. युरोप खंडावरची लोकरीची यांत्रिक गिरणी इथूनच पसरली. सिमोनिसचं बिलियर्डचं कापड आजही जगभर जातं. बाकीच्या गिरण्या दुसऱ्या महायुद्धानंतर एकेक करून मिटल्या. भाडी कमी आहेत त्यामागचं मोठं कारण तेच.

आता घराचं. नदीकाठची सखल वस्ती, विशेषतः स्पँते रस्त्याचा परिसर, २०२१ च्या पुरात बुडाला होता. वालोनी (बेल्जियमचा फ्रेंचभाषक भाग) सरकारच्या नकाशा-पोर्टलवर पूरधोक्याचा थर आहे, त्यात पत्ता टाकून रंग बघ. मग तळघरात उतर. भिंतीवर आडवी रेघ, फुगलेला गिलावा, खालच्या भागालाच नवा रंग दिसला तर पाणी कुठवर आलं होतं ते सरळ विचार. बॉयलर आणि विजेचा बोर्ड तळघरात आहे की वर, हेही बघ. खाली असेल तर पुढच्या पुरात घर कोरडं राहिलं तरी ऊब आणि वीज दोन्ही जातील. टेकडीवरचा उझी भाग सुरक्षित आहे, पण महाग, आणि स्टेशनहून परतताना चढ आहे.

दुसरं, जुन्या घरांतले नळ. मऊ, आम्लधर्मी पाणी शिशाच्या पाइपातलं शिसं विरघळवतं. पाइप राखाडी, मऊ, सांध्याशी फुगीर असेल आणि नाण्याने खरवडल्यावर चकाकला तर शिशाचा समज. मालकाकडे बदलून माग. तोवर सकाळचं पहिलं पाणी झाडांना घाल. पिण्या-स्वयंपाकाला गरम नळाचं पाणी घेऊ नकोस, लहान मुलं आहेत म्हणून जास्तच सांगते. उकळून शिसं जात नाही.

याच पाण्याचा रोजचा फायदाही आहे. डाळ-राजमा लवकर शिजतात, कारण डाळ निबर करणारं कॅल्शियम पाण्यात कमी. कपड्यांची पावडर पाकिटावरच्या मऊ पाण्याच्या रकान्याप्रमाणेच घाल. ब्रसेल्सइतकी टाकलीस तर फेस निघता निघत नाही.

रवी:
मेधाताईंनी सगळं सांगितलंय, फक्त शनिवारचं राहिलं. जिलेप धरणावर जा. उन्हाळ्यात वेस्द्र आटायची आणि गिरण्यांच्या घाणीने सडायची, म्हणून १८६९ ते १८७५ मध्ये ते बांधलं. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसऱ्याने १८७८ मध्ये उद्घाटन केलं. मूळ भिंत ४७ मीटर उंच, माथ्याशी १५ आणि पायाशी तब्बल ६६ मीटर जाड! १९६७ ते १९७१ मध्ये ती आणखी उंच केली, तेव्हा माथ्यावरचा साडेतेरा मीटरचा दगडी सिंह सुटा करून पुन्हा बसवला. मनोऱ्यावरून दिसतं ते छान आहेच, पण भिंतीवरून चालत सिंहाच्या पायाशी उभं राहिल्याशिवाय त्याचा आकार कळत नाही. पिण्याचं पाणी असल्याने पोहायला बंदी आहे.

गावात दाव्हिद कारंजंही बघा. पिएर दाव्हिद हे स्वतंत्र बेल्जियममधले इथले पहिले महापौर. त्यांचं हृदय कारंज्याच्या दगडात ठेवलंय असं पिढ्यान् पिढ्या बोललं जायचं. २०२० मध्ये दुरुस्ती करताना हृदय ठेवलेली जस्ताची पेटी खरोखर सापडली. लोकरीचं संग्रहालय शापेल रस्त्यावर आहे, जाण्याआधी फोन करून वेळ विचारा.

आणि तांदळाचा टार्ट खाल्ल्याशिवाय येऊ नका. खाली यीस्टचं पीठ, वर दुधात शिजवलेला भात.

अनघा:
दोघांचे खूप आभार. टार्टमध्ये अंडं असतं का? आमच्याकडे दोघं खात नाहीत.

मेधा:
असतं. बेकरीतला नकोच त्यांना, घरीच कर. एक लिटर पूर्ण सायीच्या दुधाला १५० ग्रॅम आखूड, गोल तांदूळ घे. दुकानात तो खिरीचा तांदूळ म्हणून मिळतो, इंद्रायणीही चालेल. बासमतीतून पुरेसा स्टार्च सुटत नाही, मग टार्ट कापताना ढासळतो. मंद आचेवर चाळीसेक मिनिटं शिजव, ढवळत राहा. १०० ग्रॅम साखर तांदूळ पूर्ण मऊ झाल्यावरच घाल. आधी घातलीस तर दाणा टणक राहतो. मूळ कृतीत भात कोमट झाल्यावर पिवळं बलक आणि मग फेटलेलं पांढरं मिसळतात. गरम भातात बलक फाटतं. बिनअंड्याचं करताना त्याऐवजी थंड दुधात कालवलेलं दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर घालून दोन मिनिटं उकळ. तितका हलका होणार नाही, पण काप नीट पडतो. मग हे यीस्टच्या पिठाच्या थरावर ओतून ओव्हनमध्ये २०० अंशांवर अर्धा तास, वर तपकिरी डाग येईपर्यंत. पूर्ण गार झाल्यावरच काप.

ब्रसेल्सहून येताना ऑयपेनला जाणारी गाडी पकड आणि वेर्विए-सेंत्राल स्टेशनला उतर, मधे बदलावी लागत नाही. जिलेपसाठी मात्र मोटारगाडीवाला सोबती बघ, शनिवारी बसच्या भरवशावर मुलांना घेऊन जाऊ नकोस.