स्केचिंगसाठी भारीतली मेकॅनिकल पेन्सिल घ्यावी का?

पानगळ: मी रोज अर्धा तास स्केचिंग करते, बहुतेक माणसांचे हात. लाकडी पेन्सिलीला सारखं टोक काढावं लागतं म्हणून ०.५ मिमीची मेकॅनिकल पेन्सिल घेतली, आत एचबी लीड. रेघ स्वच्छ येते, पण सगळ्या रेघा एकाच जाडीच्या. हात तारेचे केल्यासारखे दिसतात. जरा दाबलं की लीड मोडतं. धातूची, भारीतली पेन्सिल घेतली तर फरक पडेल का?

मऊरेघ: पेन्सिल राहू द्या, आधी लीड बदला. एचबी लिहायला ठीक, पण चित्रात फिकं पडतं. मग आपण गडद करायला दाबतो आणि ते मोडतं. २बी घाला, ते जास्त मऊ आणि गडद असतं, जोर आपोआप कमी होईल. लीड अर्ध्या मिलिमीटरहून जास्त बाहेर ठेवू नका.

आता जाडीचं. खरखरीत कागदावर पेन्सिल तिरपी धरून, बोटांत न फिरवता थोडं शेडिंग करा. लीड एका बाजूने झिजतं, बोरूचं टोक छाटावं तसं. ती सपाट बाजू टेकवली की जाड, मऊ रेघ. पेन्सिल अर्धा फेरा फिरवली की धार कागदाला लागते आणि केसासारखी रेघ निघते. हात काढताना मी सावलीकडची कड सपाट बाजूने ओढतो. नखाची कड आणि सांध्यावरच्या वळ्या धारेने. हे जमलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. कुरू टोगा नावाची मेकॅनिकल पेन्सिल मी चित्राला वापरत नाही ती याचसाठी. तिच्यात प्रत्येक वेळी टोक उचलून टेकवलं की लीड किंचित फिरतं. लिहिताना ते फार छान, पण हा तिरकेपणा टिकत नाही.

धातूच्या पेन्सिलीचं वजन मला आवडतं. रॉट्रिंग ६०० चं अंग पितळेचं आहे. फिकट रेघेला हात नुसता ठेवावा लागतो. मात्र ड्राफ्टिंगच्या, म्हणजे नकाशे-आराखडे काढायच्या, पेन्सिलींची टोकाची लांब नळी पट्टीला लावून रेघ मारण्यासाठी असते, आणि ती नाजूक. माझी एक पेन्सिल फरशीवर टोकावर पडली. नळी जेमतेम दिसेल इतकीच वाकली, पण त्यानंतर लीड आतल्या आत तुटायला लागलं. पिशवीत ठेवायची असेल तर टोक आत जाणारी घ्या, पेंटेल ग्राफगिअर १००० सारखी.

काजळी: मोठा काळा भाग ०.५ ने भरत बसू नका, कागद चमकायला लागतो. त्यासाठी २ मिमीची क्लच पेन्सिल ठेवा, म्हणजे जाड लीड चिमट्यात धरणारी. तिला टोक काढावं लागतं, पॉलिश पेपरच्या तुकड्यावर घासलं तरी चालतं. पण ४बी घातलं की सावली दोन थरांत भरते.

पानगळ: २बी घातलं. लीड एकदाही मोडलं नाही! अर्धा फेरा फिरवायचं मात्र ऐन वेळी विसरते. धार कुठल्या बाजूला आहे हे चित्र काढताना कसं ओळखता?

मऊरेघ: क्लिपवरून. शेडिंग करताना क्लिप आकाशाकडे ठेवा. ती तळहाताकडे आली की धार कागदावर.