मदत हवी आहे: सॉफ्टवेअर सिंथचे ट्रॅक ऑडिओत उतरवताना नेमके काय जपावे?

नमस्कार.

घरी केलेल्या ध्वनिमुद्रणातल्या एका टप्प्याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. स्वतः चाल लावलेली भावगीते मी घरच्या संगणकावर रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधतो. गायन आणि बासरी मायक्रोफोनवरून घेतो; तानपुरा, बेस, सतारीचे तुकडे आणि मागचा सिंथ पॅड (सिंथेसायझरचा लांब, पसरलेला आवाज) मात्र मिडीवर, म्हणजे स्वरांच्या सूचनांच्या नोंदीवर, वाजवलेल्या सॉफ्टवेअर वाद्यांतून येतात. संगणकाची रॅम ८ जीबी असल्यामुळे ही सारी वाद्ये एकत्र वाजू लागली की आवाजात चरचर येते. बफर, म्हणजे आवाज वाजण्याआधी साठवला जाणारा तुकडा, १२८ सॅम्पलवरून १०२४ वर नेला तर चरचर थांबते, पण ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पल म्हणजे एका दिशेलाच सुमारे २३ मिलिसेकंदांचा उशीर, आणि हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज इतका मागून येऊ लागला की गायकाला लयीत शब्द टाकणे अवघड जाते. म्हणून गायन घेण्यापूर्वी सिंथचे ट्रॅक ऑडिओत उतरवून मूळ वाद्ये बंद करावीत, असे ठरवले आहे. शिवाय मिक्सिंग करणारे स्नेही वेगळे सॉफ्टवेअर वापरतात आणि त्यांच्याकडे ही वाद्ये नाहीत, त्यामुळे त्यांना ऑडिओ फायलीच द्याव्या लागतील.

अडचण अशी की पॅडचा एकच मिडी ट्रॅक दोनदा रेंडर केला, म्हणजे ऑडिओ फाइलीत उतरवला, तर दोन्ही फायली सारख्या येत नाहीत. एकीत स्वर हळुवार उमलतो, तर दुसरीत त्याच जागी तो थोडा टोकदार लागतो. चाल बांधताना जो आवाज ऐकून मी अंतऱ्याची उठावण ठरवली, तोच आवाज फाइलीत हवा आहे. हा वाद्याचा दोष समजावा की यामागे काही कारण आहे? दुसरे असे की फक्त अंतऱ्याचा भाग निवडून रेंडर केल्यास आधीपासून धरलेला पॅडचा स्वर फाइलीत उमटतच नाही, आणि शेवटच्या स्वराची आस मध्येच तुटते. तिसरा प्रश्न फ्रीझविषयी, म्हणजे ट्रॅक तात्पुरता ऑडिओत गोठवण्याविषयी, आहे: ट्रॅक फ्रीझ करणे पुरेसे असते, की वेगळी ऑडिओ फाइल काढणेच योग्य?

प्रतिसाद

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देतो, कारण बाकीचे त्यातूनच सुटत जातात. मिडीच्या ट्रॅकमध्ये आवाज साठवलेला नसतो. कोणता स्वर, ० ते १२७ यांपैकी किती जोराने, केव्हा दाबला आणि केव्हा सोडला, एवढ्या सूचना त्यात असतात, आणि त्या वाचून सिंथ प्रत्येक वेळी आवाज नव्याने घडवतो. जुन्या अ‍ॅनालॉग सिंथच्या धर्तीवर केलेल्या अनेक वाद्यांत ऑसिलेटर (स्वराची लहर निर्माण करणारा भाग) आणि एलएफओ (आवाजाला झुलवणारी मंद लहर) सतत मोकळे फिरत असतात. पट्टी दाबली जाते त्या क्षणी लहर चढावर असेल की उतारावर, हे ठरलेले नसते. दोन ऑसिलेटर एकमेकांपासून किंचित सरकवून सुरात लावलेले असतील, तर ते कधी एकमेकांना उचलून धरतात आणि कधी खोडतात. आपल्याला हळुवार आणि टोकदार असा जो फरक ऐकू येतो, तो बहुधा तेथून येतो. नमुन्यांवर चालणाऱ्या वाद्यांत हेच काम राउंड रॉबिन करते, म्हणजे एकाच स्वराचे वेगवेगळे नमुने आळीपाळीने वाजवले जातात. म्हणून याला दोष समजू नये.

खात्री करून घ्यायची असेल तर दोन्ही फायली अगदी एका रेषेत ठेवून एकीची पोलॅरिटी उलटी करावी, म्हणजे लहरीचे चढ-उतार उलटे करावेत, आणि दोन्ही एकत्र वाजवाव्यात. संपूर्ण शांतता झाली तर फायली तंतोतंत सारख्या आहेत; जे काही ऐकू येईल तो त्यांच्यातला फरक.

वाद्यात रीट्रिगर किंवा फेज रिसेट अशी सोय असल्यास ती चालू करता येते, मग प्रत्येक स्वर लहरीच्या एकाच बिंदूपासून सुरू होतो. बेसला मी ती आवर्जून चालू ठेवतो, कारण बेसचा प्रत्येक आघात वेगळा आला तर डग्ग्याशी त्याचा मेळ बसत नाही. पॅडला मात्र मी ती लावत नाही. त्या मोकळ्या फिरण्यातच पॅडचा जिवंतपणा असतो. त्याऐवजी पॅड अनेकदा रेंडर करावा, गायकाचे वेगवेगळे टेक ऐकतो तसे ते ऐकावेत आणि उठावणीला शोभेल तो ठेवावा. निवड एकदा फाइलीत उतरली की पुढे मिक्सिंगपर्यंत ती बदलत नाही, हा ऑडिओचा मोठा आधार आहे.

धरलेला स्वर हरवतो, कारण स्वर दाबल्याची सूचना एकदाच, त्याच्या आरंभी जाते. रेंडर त्यानंतर सुरू झाले तर पट्टी दाबलेली आहे हे सिंथला कळायला मार्ग नसतो. सस्टेन पेडलची, म्हणजे कंट्रोलर ६४ ची, सूचनाही तशीच मागे राहू शकते. म्हणून रेंडर नेहमी गाण्याच्या आरंभापासून करावे आणि पहिल्या स्वराआधी एक आवर्तन रिकामे सोडावे. सगळ्या फायली एकाच बिंदूपासून सुरू झाल्या, की आपल्या स्नेह्यांना त्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये शून्यावर ठेवता येतील. शेवटच्या आसेसाठी रीपरच्या रेंडर खिडकीत टेल हा पर्याय आहे. रिव्हर्ब (आवाज घुमण्याचा परिणाम) लांब असेल तर तेथे काही सेकंद द्यावेत. नमुने थेट डिस्कवरून वाचणारे वाद्य वेगवान ऑफलाइन रेंडरमध्ये अडखळत असेल, तर त्या ट्रॅकपुरते ऑनलाइन, म्हणजे गाणे वाजते त्याच वेगाने होणारे, रेंडर करावे. त्याला गाण्याइतकाच वेळ लागतो.

फ्रीझ हा गायन घेतानाचा उपाय आहे. त्यात प्लगइनचा भार उतरतो आणि हवे तेव्हा अनफ्रीझ करून मिडीत बदल करता येतो. देण्यासाठी मात्र स्वतंत्र फाइल काढावी. लॉजिकमध्ये बाउन्स इन प्लेस, क्यूबेसमध्ये रेंडर इन प्लेस आणि एबलटन लाइव्हमध्ये फ्रीझनंतर फ्लॅटन, अशी त्याच कामाची नावे आहेत. फाइल फेडरच्या (पातळी ठरवणाऱ्या सरकपट्टीच्या) आधीची आहे की नंतरची, हे तपासणे आवश्यक आहे. नंतरची असेल तर आवाजाची पातळी आणि पॅन (डावी-उजवी जागा) तिच्यात मुरलेले असतात. नव्या ट्रॅकवर तीच मूल्ये पुन्हा दिली तर त्यांचा परिणाम दोनदा होतो.

धागाकर्ता

मनापासून आभार. रीट्रिगर बंद ठेवून टेक निवडण्याची पद्धत पॅडला पटली. एक गोष्ट राहिली. स्नेह्यांनी ऑडिओबरोबर मिडी फायलीही मागितल्या आहेत, म्हणजे सतारीचे तुकडे त्यांच्याकडच्या चांगल्या वाद्यावर वाजवून पाहता येतील. त्या तुकड्यांतल्या मींडा मी पिच बेंडने, म्हणजे स्वर वर-खाली सरकवणाऱ्या मिडी सूचनेने, घेतल्या आहेत. त्या जशाच्या तशा पोहोचतील का?

प्रतिसाद

तेवढ्यावर विसंबू नये. पिच बेंडचा आकडा ० ते १६३८३ असतो आणि मध्य ८१९२. तो आकडा किती श्रुती किंवा किती स्वर हे सांगत नाही, वाद्याला ठरवून दिलेल्या पल्ल्याचा किती भाग, एवढेच सांगतो. आपल्या सतारीचा पल्ला वर-खाली १२ अर्धस्वर असेल आणि त्यांच्या वाद्याचा नेहमीप्रमाणे २ असेल, तर षड्जापासून पंचमापर्यंत घेतलेली मींड तेथे कोमल ऋषभाच्या थोडी पुढे जाऊन थांबेल. तानपुऱ्याचे सेंटमध्ये (अर्धस्वराच्या शंभराव्या भागात) केलेले बारीक जुळवणही साध्या मिडी फाइलीतून जात नाही. मिडी जरूर द्यावी, बेंडचा पल्ला सोबत लिहून द्यावा, पण सतारीची ऑडिओ हीच प्रमाण मानण्यास सांगावे. सतारीची एक फाइल रिव्हर्बशिवायही काढावी, कारण फाइलीत मुरलेला रिव्हर्ब नंतर वेगळा काढता येत नाही. फायली २४ बिटमध्ये आणि प्रकल्पाच्याच सॅम्पल रेटला ठेवाव्यात; ४४.१ किलोहर्ट्झच्या स्टीरिओ फाइलीला मिनिटाला साधारण १६ एमबी जागा लागते. मूळ मिडी ट्रॅक काढून टाकू नयेत, ते म्यूट करून वाद्याच्या प्रीसेटसह प्रकल्पाच्या वेगळ्या प्रतीत जपावेत.