पुण्यात आईसोबत मुक्काम: कमी खर्चात चांगलं जेवण कुठे मिळेल?

बालाघाटकर:
पुढच्या आठवड्यात आईला घेऊन अंबाजोगाईहून पुण्याला येतोय. तीन-चार दिवस मुक्काम आहे, लॉज स्वारगेटजवळ. खाण्यापिण्याला दोघांत मिळून दिवसाला ५०० रुपयांच्या वर जाता येणार नाही. आईला शुगर आहे, त्यामुळे वडापाव-भज्यांवर दिवस काढता येणार नाहीत. शनिवारवाडा आणि जमलं तर सिंहगड बघायचा आहे. साधं, ताजं, शाकाहारी जेवण कुठे मिळेल?

पेठकरी:
हॉटेलं शोधू नका, मेस शोधा. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड हा सगळा स्पर्धा परीक्षांच्या मुलांचा भाग. गावाकडून आलेली, पैसे जपून वापरणारी मुलं. जेवण बिघडलं की सरळ मेस बदलतात. त्यामुळे स्वस्त आणि चांगलं, दोन्ही द्यावंच लागतं. महिना लावलेला नसला तरी चालतं. आत जाऊन 'एका वेळचं जेवण मिळेल का?' एवढं विचारायचं. ताट साधारण शंभर-सव्वाशेच्या आसपास पडतं, पण बसण्याआधी दर विचारा आणि पोटभर आहे की पोळ्या मोजून, हेही.

पाटी वाचून ठरवू नका, जेवणाऱ्यांच्या ताटात बघा. उसळ किंवा पालेभाजी, एक सुकी भाजी, आमटी, कोशिंबीर दिसली तर बसा. नुसता बटाटा आणि वर तेलाचा तवंग असेल तर दहा पावलांवर दुसरी मेस आहेच. बाराच्या सुमारास गेलात तर पोळी तव्यावरची मिळते. वाफाळलेली, चौघडी घातलेली, हाताला चटका देणारी. उशिरा गेलं की तीच पोळी डब्यातली. आईंना भात नको असेल तर वाढायच्या आधी सांगा, बदल्यात उसळ जास्त मागा; काकू सहसा नाही म्हणत नाहीत. रविवारी रात्री बऱ्याच मेस बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा.

मंडईजवळची:
वरच्या सल्ल्याशी सहमत, फक्त मेस दुपारीच ठेवा. दोन्ही वेळा मेस केली तर तुमचे पैसे तिथेच संपतील. रात्रीसाठी महात्मा फुले मंडई गाठा, स्वारगेटहून मेट्रोचं पुढचंच स्टेशन. मोड आलेले मूग, काकडी, टोमॅटो, लिंबू, पेरू घ्या. संध्याकाळी उशिरा गेलात तर वाटे लावून विकणारे भाव कमी करतात. वाटेत डेअरीतून दही घ्या. खोलीवर मूग पिण्याच्या पाण्यानं नीट धुवायचे, वर काकडी-टोमॅटो चिरायचा, लिंबू पिळायचं. सोबत घरून ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणलीत तर रात्रीचं जेवणच झालं! शुगर असलेल्या माणसाला अवेळी भूक लागली की त्रास होतो, म्हणून फुटाणे आईंच्या पिशवीत कायम असू द्या.

सकाळी पोहे रोज नकोत. शनिवारवाड्याच्या दिवशी नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ खा, पण जराशी गोडसर असते, हे आईंना आधी सांगा.

सिंहगडावर मात्र हात आखडू नका. पिठलं-भाकरी, ठेचा आणि मडक्यातलं दही. गडावर भाव चढे असतात, तरी त्या चवीसाठी आदल्या रात्रीचे पैसे वाचवावेत असं माझं ठाम मत आहे. भाकरी कसली आहे ते विचारून ज्वारीची मिळाली तर ती घ्या.

बालाघाटकर:
दोघांचेही मनापासून आभार. भाकरी आणि चटणी नक्की आणतो. एक शंका: आईचे गुडघे दुखतात. मेस वरच्या मजल्यावर असतात का?

पेठकरी:
बऱ्याच असतात, आणि जुन्या वाड्यांचे जिने फार उभे आहेत. आईंना खाली बसवून तुम्ही एकटे वर जाऊन बघू नका, उन्हात ताटकळतील. रस्त्यावरच्या कुठल्याही मुलाला 'तळमजल्यावरची मेस कुठली?' विचारा. हातात पुस्तकांची सॅक असलेला असेल तर थेट दारापर्यंत नेऊन सोडेल. तशी सापडली नाहीच, तर डबा बांधून मागा. बहुतेक ठिकाणी पार्सल देतात. फक्त स्वतःचा रिकामा डबा सोबत ठेवा, आमटी पिशवीत नको.