घड्याळ मागे गेलं, रिपोर्टात उणे ४० मिनिटं आली. सर्व्हरचं काय करावं?

वारजेकर_डीबीए: मंडळी, सल्ला हवाय. क्लायंटचं गोदाम न्यू जर्सीत, मायएसक्यूएल (डेटाबेस) सर्व्हर तिथल्याच वेळेवर, सगळे वेळेचे कॉलम डेटटाइम, म्हणजे नुसती तारीख-वेळ, झोन नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला तिथली उन्हाळी वेळ संपली, रात्री दोनचा एक वाजला, म्हणजे १ ते २ हा तास दोनदा आला. आपल्याकडे रविवारचे साडेअकरा, मी मटण आणायला रांगेत उभा. सोमवारी रिपोर्ट उघडला तर पॅकिंग सुरू १:५०, संपलं १:१०. म्हणजे उणे ४० मिनिटं! क्लायंट म्हणतो, दर नोव्हेंबरात तासभर सर्व्हर बंद ठेवा. आता ८ मार्चला घड्याळ पुढे जाणार. काय करू?

जुनी_खोड: बंद ठेवून भागतं, खोटं नाही. पण रात्रपाळीचं गोदाम बंद ठेवणार कसं? सर्व्हर यूटीसीवर (जगाची प्रमाण वेळ, ती मागेपुढे होत नाही) न्या, स्थानिक वेळ फक्त दाखवताना काढा. त्या रात्रीचा पहिला १:३० म्हणजे यूटीसी ५:३०, दुसरा ६:३०. घोळच संपला. मात्र सर्व्हरचा टाइमझोन बदलला म्हणून जुने डेटटाइम आपोआप बदलत नाहीत, ते तुम्हालाच फिरवावे लागतील. टाइमस्टँप कॉलम असते तर ते आतून यूटीसीतच असतात.

वारजेकर_डीबीए: आणि त्या रात्रीच्या जुन्या नोंदी?

जुनी_खोड: तिथे कन्व्हर्ट_टीझेड (एका झोनची वेळ दुसऱ्यात फिरवणारं फंक्शन) कामाचं नाही, दोन्ही १:३० ना ते एकच उत्तर देणार. आयडीच्या क्रमाने सुरुवातीची वेळ बघत जा. १:५८ नंतर एकदम १:०२ दिसलं की दुसरा तास लागला. मधे काम थंड असेल तर तो सांधा दिसणार नाही. मग अ‍ॅपचे लॉग उपसा, दुसरा इलाज नाही.

डॅलसची_सून: दादा, 'सगळं यूटीसी' हे झालेल्या गोष्टींसाठी ठीक. पुढच्या अपॉइंटमेंट स्थानिक वेळ आणि झोनचं नाव असंच ठेवा. मेक्सिकोने २०२२ मध्ये घड्याळं बदलणं बहुतेक भागांत बंद केलं. पुढच्या उन्हाळ्यातली सकाळी दहाची भेट आधीच यूटीसीत करून ठेवली असेल, तर ती तिथे नऊला दिसणार. झोनचं नाव 'अमेरिका/न्यू_यॉर्क' लिहा. 'ईएसटी' (न्यू यॉर्कची हिवाळी वेळ) म्हणजे यूटीसीपेक्षा बारमाही उणे पाच तास, उन्हाळ्यात तोंडावर पाडतं. आमच्याकडे पडून झालंय.

क्वेरीवाला_नाशिक: रात्री आपोआप चालणारे जॉब कितीला आहेत ते आधी बघा. ८ मार्चला २:३० वाजणारच नाहीत, १:५९ नंतर थेट ३. बॅकअप तिथे असेल तर आजच चारला सरकवा. यूटीसीचं काम आठवड्यात होणारं नाही, हे सोमवारच्या मीटिंगमध्ये सांगून टाका.

वारजेकर_डीबीए: बॅकअप नेमका २:३० लाच निघाला. हलवला. टेस्ट सर्व्हरवर कन्व्हर्ट_टीझेड चालवलं, तर सगळीकडे नल, म्हणजे उत्तरच नाही!

जुनी_खोड: टाइमझोनची टेबलं रिकामी असणार. मायएसक्यूएल_टीझेडइन्फो_टू_एसक्यूएल ही सोबतची आज्ञा चालवून भरा. प्रॉडक्शनवरही (खऱ्या सर्व्हरवरही) तपासा, तिथेही रिकामीच निघतील बघा.

वारजेकर_डीबीए: निघाली.