साताऱ्यात व्हीलचेअर बाथरूममध्ये जाईल असं हॉटेल हवं आहे (तातडीने)

कृष्णाकाठची
येत्या शनिवारी-रविवारी साताऱ्यात दोन रात्री राहायचं आहे. मी व्हीलचेअरवर असते. कालपासून अकरा ठिकाणी फोन केले. सगळे म्हणतात, "हो मॅडम, लिफ्ट आहे." बाथरूमचं दार किती रुंद आहे विचारलं की "नॉर्मल आहे" म्हणून फोन ठेवतात. कुणी स्वतः बघितलेली जागा असेल तर सांगा. पाचगणी-महाबळेश्वर नको, साताराच हवं.

घाटमाथा
पाचगणीला टेबल लँडच्या अलीकडे एक छान बंगला आहे, सगळं तळमजल्यावर. साताऱ्याहून गाडीने जाऊन-येऊन होईल. विचार करा.

माहुलीकर
घाटमाथा, ताईंची शेवटची ओळ वाचा की. ताई, साताऱ्यात कुठल्या बाजूला हवं? राजवाड्याकडे सगळा चढ आहे, हायवेच्या बाजूला सपाट मिळेल. आणि बजेट?

कृष्णाकाठची
भाचीचं लग्न आहे, कार्यालय गोडोलीत. रात्रीला तीन हजारांपर्यंत चालेल.

मिरजेचे अण्णा
अहो, मुख्य गोष्टी राहिल्याच. खुर्ची हाताची की बॅटरीची? बाहेरून बाहेर रुंदी किती? धरून उभं राहता येतं का? आमच्या सौ. नऊ वर्षं खुर्चीवर आहेत, म्हणून विचारतोय. हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

एसटीप्रेमी
दिव्यांगांना एसटीत ७५ टक्के सवलत आहे. ओळखपत्र बरोबर ठेवा. सांगलीहून साताऱ्याला गाड्या भरपूर.

कृष्णाकाठची
येणार भावाच्या गाडीतून, कराडवरून. प्रश्न राहण्याचा आहे.

अण्णा, खुर्ची हाताची, घडीची. सीट १८ इंच, पण चाकं आणि हाताने फिरवायच्या कड्या धरून साडेपंचवीस. उभं राहता येत नाही. हात चांगले आहेत, पलंगावर आणि कमोडवर माझी मी सरकते. मणक्याच्या दुखापतीमुळे दर चार तासांनी कॅथेटर (लघवी काढायची नळी) लावावा लागतो, म्हणून बाथरूम मला माझी मी गाठता आली पाहिजे. बरोबर आई आहे, ती सत्तरीची.

वाईचा बंडू
ताई एवढं टेन्शन घेऊ नका. लग्नघर आहे, चार पोरं असतीलच. खुर्चीसकट उचलतील. आम्ही आजीला सज्जनगडावर तसंच नेलं होतं.

कृष्णाकाठची
बंडू, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंत, पण ऐका. गेल्या वर्षी दुसऱ्या एका शहरात असंच "सगळं आहे मॅडम" ऐकून गेले. लिफ्ट होती, पण लिफ्टपर्यंत चार पायऱ्या. खोलीत बाथरूमचं दार २२ इंच आणि आतली फरशी एक पायरी खाली. पहाटे साडेपाचला हॉटेलच्या दोन मुलांनी मला काखेत आणि गुडघ्याखाली धरून कमोडवर बसवलं. मी गाउनवर होते. एकाने तोंड भिंतीकडे केलं होतं, बिचाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त अवघडल्यासारखं झालं होतं. परत बोलवावं लागू नये म्हणून मी दिवसभर पाणी प्यायले नाही आणि घरी येऊन युरीन इन्फेक्शनने आठ दिवस पडले. मला कुणी उचलायला नको आहे, घरचंसुद्धा.

वाईचा बंडू
चुकलं ताई. हा विचारच केला नव्हता.

कलमबहाद्दर
२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. कलम ४६ प्रमाणे खासगी सेवा देणाऱ्यांनाही सुगम्यता बंधनकारक आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सरकारला सांगितलं, नुसत्या शिफारशी नकोत, सक्तीचे नियम करा. आधी लेखी तक्रार टाका.

माहुलीकर
तक्रार टाकावीच, पण त्याने शनिवारपर्यंत दार रुंद होणार नाही.

कलमबहाद्दर
असंच म्हणत सगळे गप्प बसतात, म्हणून २२ इंचाची दारं राहतात. सरकारी मार्गदर्शक सूचनांत ९०० मिलिमीटर आहे, म्हणजे पस्तीस इंच!

मिरजेचे अण्णा
दोघंही बरोबर आहात, पण शनिवारचं आधी बघू. ताई, आम्ही असं करतो. पहिलं, बाथरूमचं दार बिजागरीतून काढायला सांगायचं. दाराची जाडी वाचते, इंच-सव्वा इंच मिळतो. तिथे पडदा लावायचा. दुसरं, बारीक चाकांची कमोड-खुर्ची बरोबर न्यायची. आमची २१ इंचात बसते.

कृष्णाकाठची
दार काढायचं सुचलं नव्हतं. कमोड-खुर्ची नको अण्णा, तिची बारीक चाकं मला फिरवता येत नाहीत, मागून कुणी ढकलावं लागतं. आईच्या पाठीला ते झेपणार नाही.

घाटमाथा
हॉटेलच्या दारात पायऱ्या असतील तर पाच फुटांची फळी टाकायची. सोपं.

मिरजेचे अण्णा
अजिबात नको! तीन पायऱ्या म्हणजे १८ इंच उंची. एक इंच चढाला बारा इंच लांबी धरतात, म्हणजे अठरा फुटांचा रॅम्प. पाच फुटांच्या फळीवर खुर्ची मागे उलटते. आमच्या सौ. अशाच पडल्या होत्या, डोक्याला चार टाके.

घाटमाथा
बरं. माहीत नव्हतं.

माहुलीकर
ताई, आज ऑफिस सुटल्यावर टेप घेऊन हायवेजवळच्या तीन लॉजवर गेलो. पहिल्याला दारातच पाच पायऱ्या. दुसऱ्याला रॅम्प आहे, पण पार्किंगचा, दुचाकीसुद्धा जोर लावून चढवतात. तिसऱ्याला रस्ता ते रिसेप्शन सपाट, खोली तळमजल्यावर. बाथरूमचं दार चौकटीच्या आतून २७, दार उघडं ठेवून मोकळं पावणेपंचवीस. खाली ग्रॅनाइटची पट्टी पाऊण इंच. आतली फरशी खोलीच्या पातळीत. कमोडच्या उजवीकडे भिंत, डावीकडे दोन हात जागा. मालक म्हणाला, दार काढून देतो, सुतार आपलाच आहे. भाडं बावीसशे.

कृष्णाकाठची
दादा, तुम्ही खरंच मोजून आलात! २७ मध्ये साडेपंचवीस म्हणजे दोन्हीकडे पाऊण-पाऊण. कड्या सोडून चौकट धरून स्वतःला आत ओढून घेते, म्हणजे बोटं खरचटत नाहीत. पाऊण इंचाची पट्टी पुढची चाकं उचलून चढते. डावीकडे जागा आहे हे फार बरं झालं, मी डावीकडूनच सरकते. पलंग जमिनीपासून किती उंच आहे?

माहुलीकर
ते मोजायचं राहिलं. उद्या सकाळी जातो.

कृष्णाकाठची
गादीसकट मोजा. माझी सीट वीस इंचांवर आहे. पलंग तेवीसच्या वर असेल तर वरची एक गादी काढून ठेवायला सांगा, आणि खोली शुक्रवारी रात्रीपासून माझ्या नावावर धरा. अ‍ॅडव्हान्स कुणाला पाठवू?