मदत हवी आहे: सायकल ग्रुपमधले नवीन लोक टिकत नाहीत

नमस्कार मंडळी. आमचा कोंढव्यातला ग्रुप रविवारी पहाटे बोपदेव घाट चढतो. वेगवाले दणादण पुढे जातात, नवीन माणूस मागे एकटा पडतो. परवा एका काकूंची चेन चढावर उतरली. शेजारून ट्रक जाताहेत, काकू ग्रीसने माखलेल्या हातांनी कडेला उभ्या, आणि सोबत कुणीच नाही. वर पोचल्यावर कुणीतरी म्हणालं, ‘झेपत नाही तर यायचं कशाला?’ मला ते फार लागलं.

हेल्मेटशिवाय राइड नाही आणि सर्वांत मागे एक जाणता माणूस, एवढं ठरवलंय. पण वेगवाल्यांना थांबायला कसं लावायचं? टोमणे मारणाऱ्याला चारचौघांत सांगावं की बाजूला घेऊन? ताईंनो, तुम्हाला ग्रुपमध्ये सुरक्षित कशामुळे वाटतं, तेही नक्की सांगा.